परातीतला काला

शर्वाणीच्या मनगटावरचा पट्टा आजही लालच होता. वसतिगृहाच्या यंत्राने तिचा ताण वाचला आणि तिच्यापुरतं अचूक ताट वाढलं. इतकं लोह, इतकी प्रथिनं. पण दहावीच्या धसक्याने तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आजही ताट तसंच परत गेलं, तर यंत्र उद्याच्या पेपराला बसू देणार नव्हतं.

"किती मोजूनमापून वाढतंय मेलं!" स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गिरिजामावशी म्हणाल्या. त्यांनी पंगतीतल्या पाचही मुलींची ताटं ओढली, एका परातीत उपडी केली, वर दही ओतून सगळं कालवलं.

"मावशी, माझं बीट शर्वाणीच्या भातात गेलं!" रेवती ओरडली.

"कीर्तनाच्या काल्यात कुणी आपले पोहे शोधतं का गं, भवाने? खा मुकाट्याने!"

पाचही जणी खिदळल्या, एकमेकींच्या हातचे घास पळवू लागल्या. हसता हसता शर्वाणीने एक घास गिळला, मग दुसरा. परात पुसून झाली तेव्हा पट्टा हिरवा झाला होता.

सकाळी यंत्राचं दार उघडलं, तर आत ताटं नव्हतीच. पाच जणींत मिळून एकच परात होती, वर दही. शर्वाणी मावशींच्या पाया पडली. मग कुणी बघत नाही असं पाहून तिने यंत्रालाही हात जोडले.