झरोक्यातली शाल

झरोका बुजवला आणि खोली एकदाची ऊबदार झाली. तिथूनच तो मेला वारा थेट पाळण्यावर यायचा. काकूने ठेवणीतली लोकरी शाल घडी घालून त्या भोकात पार कोंबून बसवली. मग शेगडीत दोन जाडजूड ओंडके सरकवले आणि ऊब वर पळून जाऊ नये म्हणून धुराड्याची झडपही पुरती लावून टाकली.

आणि काय नवल! जन्मल्यापासून घर डोक्यावर घेणारं तिचं बाळ गप्प झालं. इतके दिवस काय कमी उपाय केले होते? खांद्यावर घेऊन येरझारा झाल्या, पोटाला शेक झाला, खुळखुळे झाले. बिचारं गारठत होतं, एवढंच! काकू पाळण्याला टेकून बसली. डोकं ठणकत होतं, पण ते जागरणाचं. हातपाय जड झाले होते, तेही जागरणाचंच. जरा डोळे मिटू, तिने ठरवलं.

दार धाडकन उघडलं. शेजारच्या घरातून जाऊबाईंची लेक आली होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण चालत अशी ती कधी यायचीच नाही.

"काकू, आईने लाकडं दिलीयेत, चांगली वाळलेली... शी! डोळे काय चुरचुरतायत इथे!"

"हळू गं बाई, आत्ता कुठे झोपलंय. दार लाव आधी."

भिंगरीने दार लावलं नाही. ती शेगडीकडे बघत राहिली. आत जाळ नव्हताच. ओंडके नुसते धुमसत होते आणि शेगडीच्या दाराची काच काळीठिक्कर पडली होती.

"झडप कुणी लावली? आणि झरोका? धूर जाणार कुठून?"

"मीच. लेकराला वारा..." पुढचा शब्द काकूला सापडलाच नाही.

लाकडं तिथेच टाकून भिंगरीने पाळण्यातून बाळ उचललं. त्याची मान तिच्या हातावर चिंधीसारखी कलंडली. ती बाहेर पळाली.

"अगं ए, वेड लागलंय का तुला? मरेल ना ते थंडीने!" काकू उठली, तशी भिंत गरकन फिरली. ती खाली कोसळली आणि रांगतच उंबऱ्यापर्यंत गेली. "दे इकडे माझं पोर!"

अंगणात हाडं गोठवणारी थंडी होती. "आई, डॉक्टरांना बोलव!" भिंगरी किंचाळली आणि बाळाच्या तोंडावरचं पांघरूण सारून त्याचे तळवे चोळू लागली. "ए बबड्या, ऊठ ना रे. ऊठ ना."

काकूने लेकराचा चेहरा पाहिला. ती रांगतच पायरीवर आली आणि त्याची पाठ चोळू लागली.

तळवे चोळून झाले. पाठ चोळून झाली. काहीच नाही.

मग एवढीशी छाती हलली. ओठ वाकडा झाला. आधी मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, आणि मग बाळाने असा काही टाहो फोडला, की गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

भिंगरी सवयीने त्याला झुलवू लागली. "ओ ओ ओ, गप गप, माझं शहाणं बाळ ते..."

काकूने तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको," ती म्हणाली. "त्याला गप्प नको करूस."

आणि अनवाणी, बर्फासारख्या पायरीवर बसून तिने त्या उघड्या तोंडाला आपला कान लावला.