तुरदाकूनचा खुबा

तुरदाकूनला गाडीत चढवताना मेलिसच्या नाकी नऊ आले. मेलिस शेजारचा, गाडी त्याचीच. म्हातारा वजनाने काही फार नव्हता, पण पाय जरा हलला की असा विव्हळायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प व्हायची.

चार दिवसांपूर्वी तो घोड्यावरून पडला होता. साठ वर्षं खोगिरात काढलेला माणूस, तोही उभ्या घोड्यावरून, म्हणून गाव पोटभर हसलं. त्याची बायको बुर्माकान हसली नाही. तिने चार दिवस त्याला जागेवर चहा दिला आणि जागेवरच बोलणीही दिली.

"मीही गेल्या महिन्यात बर्फावर आपटलेच ना," ती म्हणाली. "फोटो काढला, हाड धड निघालं, दुसऱ्या दिवशी गाईंच्या धारा काढल्या. तुमच्यासारखा गवगवा केला नाही."

"तुझं हाड घोडीचं आहे," तुरदाकून कण्हत म्हणाला. "माझा खुबा गेला. आणि शहरात तू सोबत आलीस तरच जाईन."

शहराचं नाव काढलं की गाई कोण बघणार, हे तिचं ठरलेलं उत्तर. पण आता प्रश्न नवऱ्याचा होता. पंधरा दिवसांत वर कुरणावर जायचं होतं, तंबू उभारायचा होता. म्हाताऱ्याशिवाय कुरणावर तिने एकही उन्हाळा काढला नव्हता. तिने गाई सुनेच्या गळ्यात घातल्या आणि निघाली.

वाटेत पुलापाशी थांबून त्यांनी पाव आणि साय खाल्ली. तुरदाकूनने गवतावर मस्त मांडी ठोकली. भुकेपुढे दुखणं विसरला असणार. बुर्माकानने उभ्याउभ्याच खाल्लं. बसलं की परत उठायचा कंटाळा येतो, म्हणाली.

दवाखान्यात त्याने चाकांची खुर्ची नाकारली. बायकोच्या कमरेला घट्ट हात घालून तो निघाला. दोघंही अशी डुलत होती की कोण कोणाला धरून चाललंय तेच मागून येणाऱ्या मेलिसला कळेना.

डॉक्टर चोलपोन, पोरसवदा बाई, म्हाताऱ्याला तपासायला पडद्याआड गेल्या. बराच वेळ कुजबुज चालली. मग पडदा सरला.

"माझी टोपी बाहेरच्या दाराजवळच्या बाकावर राहिली," तुरदाकून म्हणाला. "आण जरा."

पुटपुटत बुर्माकान बोळाच्या त्या टोकाला गेली आणि टोपी घेऊन आली. डॉक्टर तोवर तपासणीच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आजी, या वयात हाडाला केसाएवढी चीर पडते, ती साध्या फोटोत दिसतेच असं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस चालत राहतो, आणि एक दिवस हाड सरकतं. मग अंथरूण धरावं लागतं. सीटी स्कॅन आजच करू."

"कुरणावर जाता येईल ना?"

"या उन्हाळ्याचं सांगत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यासाठीच तर आज करायचं."

चार दिवसांची सगळी बोलणी बुर्माकानने मनातल्या मनात परत घेतली.

नाव नोंदवायच्या खिडकीतली बाई कागद घेऊन आली आणि पेशंटचं नाव विचारू लागली. बावन्न वर्षांत बुर्माकानने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सून म्हणून आली तेव्हा नाही, आजी झाल्यावरही नाही. तिने रुमालाचं टोक ओठांवर धरलं आणि हनुवटीने म्हाताऱ्याकडे दाखवलं.

"यांनाच विचार," ती म्हणाली.

अशा आज्या त्या बाईला रोजच भेटत. तिने कागद तुरदाकूनच्या हातात दिला. त्याने सावकाश, अक्षर अक्षर जुळवून नाव लिहिलं आणि कागद घडी घालून परत केला.

मग दोघं बाकावर बसून राहिली. बुर्माकानने त्याचा हात हातात घेतला. बाहेरच्या माणसांसमोर असं तिने कधी केलं नव्हतं.

"भिऊ नका," ती म्हणाली. "चालता येईना तर मी धरून नेईन."

"नक्की ना?"

"म्हटलं ना एकदा. तिथे आत काय सांगतील ते मुकाट ऐकायचं. हट्ट नाही करायचा."

"दोघांपैकी कुणीच नाही करायचा," तुरदाकून म्हणाला.

तिने मान डोलावली.

दार उघडून नर्स बाहेर आली. तिने त्या कागदाची घडी उलगडली आणि मोठ्याने नाव वाचलं, "बुर्माकान."

तुरदाकूनने टोपी डोक्यावर ठेवली, दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला आणि बायकोला उठवायला हात पुढे केला.