थोरली, धाकटी आणि हळूबाई

हळूबाईने धाकटीचं अपडेट उरकलं, ती धडपणे उठल्याची खात्री केली आणि थोरलीचा सगळा भार तिच्यावर टाकायला बटणावर बोट ठेवलं. बोट काही खाली जाईना.

तसा तो चांगला मिशाळ बाप्या. पण कामात इतका जपून, की रुग्णवाहिका बोलावायच्या फोन-केंद्रातल्या बायकांनी त्याचं नावच हळूबाई पाडलेलं. थोरली आणि धाकटी म्हणजे तिथले दोन सर्व्हर. एकीने राबायचं, दुसरीने पदर खोचून तयार राहायचं. मागच्या खेपेला अपडेट करताना दोघी एकदमच आडव्या झाल्या आणि चालू फोन पटापट तुटले. आता एक जरी फोन तुटला तर घरी बसायचं, असं साहेबांनी बजावलं होतं.

म्हणून बिचारा रोज त्याच खुर्चीवरून, त्याच पडद्यावर तालीम करायचा. त्यासाठी बाजूच्या खोलीत हुबेहूब अशीच जोडी होती, ती तिथली एक चष्मेवाली पोरगी सांभाळायची. हा खोटे फोन सोडून हात साफ करून घ्यायचा आणि ती हसत हसत सगळं पुसून पुन्हा जुनं करून ठेवायची.

काचेपलीकडे फोन घेणारी आक्का कुणा आजींशी बोलत होती. आजोबा कोसळले होते. गाडी पोचेपर्यंत छाती दाबत राहा, थांबू नका, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती.

हळूबाईने डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं.

आक्काचं बोलणं चालूच राहिलं. डोळे उघडून बघतो तर पडद्यावरचे सगळे फोन धाकटीने कसे अलगद कडेवर घेतलेले. मग त्याने निवांत थोरलीचंही अपडेट करून टाकलं.

दुपारी आजींचा फोन आला. आजोबा शुद्धीवर आले होते आणि उशी टोचते म्हणून कुरकुरत होते. आक्का तडक हळूबाईसमोर येऊन उभी राहिली. एरवी टोमण्याशिवाय न बोलणारी बाई ती.

"तो फोन तुटला असता ना, तर मला जन्मभर अन्न गोड लागलं नसतं," ती म्हणाली. "तुझे उपकार आहेत रे बाबा."

साहेबांनीही पाठ थोपटली. हळूबाईला भरून आलं. तो सर्व्हरच्या खोलीत गेला, दोन्ही कपाटांवरून मायेने हात फिरवला आणि कुणी बघत नाहीसं पाहून दोघींना हात जोडले.

मागून चष्मेवाली आली.

"दादा, पुरे की आता तालीम," ती म्हणाली. "माझ्या जोडीवरचं आजचंही तुमचं अपडेट पुसून ठेवलंय मी. या दोघींना कधी हात लावणार?"