सगळ्या खिडक्या उघड्या

मॅलकीने स्वतःच दार उघडलं, तेव्हा बाहेर उभ्या नोरीनच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या हातात कापडाने झाकलेलं सँडविचचं ताट होतं आणि डोळे रडून लाल झाले होते.

“मेल्या, तू जिवंत आहेस?” ती म्हणाली.

मॅलकीने घरातच ओव्हरकोट, मफलर आणि टोपी चढवली होती. फेब्रुवारीचा वारा घरातून आरपार वाहत होता आणि त्यालाही रंग जळल्याचा वास होता. त्याने शेजारणीला आत घेतलं आणि भिंतीतला कोनाडा दाखवला. साठ वर्षं तिथे पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत आली. छातीच्या डॉक्टरांनी यंदा धूर कायमचा बंद करायला लावला आणि कालपासून तिथे गॅसची शेकोटी बसली. पुढे काच, मागे मातीचे ओंडके. लाकडं खोटी, जाळ मात्र खरा. बसवणारा माणूस जाताना बजावून गेला होता की, पहिल्या दिवशी चार तास मोठ्या आचेवर ठेवायची, आतला नवा रंग भाजून निघेपर्यंत वास सुटणार, तोवर घरातली एकूण एक खिडकी उघडी हवी. मॅलकी सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारा माणूस. त्याने माळ्यावरची खिडकीसुद्धा उघडली होती, जी आई गेल्यापासून कुणी उघडली नव्हती.

पंचाईत तिथेच झाली. त्या भागात माणूस गेला की घरच्या खिडक्या उघडतात, आत्म्याला बाहेर पडायला वाट हवी म्हणून. त्यातून आज धुराड्याला धूर नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याने दुसरं काय समजायचं?

“आणि मेल्यावर खिडक्या मीच उघडल्या का?” मॅलकीने विचारलं.

नर्स आली असेल असं वाटलं, असं नोरीन पुटपुटली. मग ती खुर्चीत बसली आणि तिने खरी गोष्ट सांगितली. निघण्याआधी तिने फिंटनला फोन केला होता.

फिंटन म्हणजे मॅलकीचा धाकटा भाऊ. दोन शेतं ओलांडली की त्याचं घर. आईने बॅलिनाच्या हॉस्पिटलात प्राण सोडला तेव्हा फिंटन आला नव्हता. गवत कापून शेतात पडलं होतं, पाऊस येणार होता, असं त्याने नंतर सांगितलं. मॅलकीने कबरीपाशी, सगळ्या गावादेखत, त्याला त्या गवतावरून सुनावलं. त्यानंतर अकरा वर्षं दोघांत अबोला होता. चर्चमध्ये एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. हल्ली रात्री खोकल्याची उबळ आली की मॅलकीला मरणाची भीती वाटत नसे. हे असंच ठेवून जावं लागेल, याची वाटे.

नोरीन घाईघाईने फोनकडे निघाली, खुलासा करायला. मॅलकीने तिला अडवलं.

“येऊ दे त्याला.”

“अरे, पण तू जिवंत आहेस.”

“ते आल्यावर कळेल की त्याला.”

नोरीन शहाणी बाई. ताट ठेवून ती मागच्या दाराने गेली.

फिंटन पुढच्या दाराने आला. काळा सूट, काळा टाय, बगलेत कागदात गुंडाळलेली बाटली. दार लोटून तो बैठकीच्या खोलीत शिरला आणि शेकोटीसमोर बसलेल्या भावाला पाहून जागीच थिजला. आधी चेहरा पांढरा पडला, मग लालबुंद झाला. ही थट्टा कुणाची, असं त्याने भिंतीला विचारलं. मॅलकीने त्याला रंगाचं, चार तासांचं आणि नोरीनचं सगळं सांगितलं. फिंटनने मान हलवली आणि पाठ फिरवली.

“थांब,” मॅलकी म्हणाला. “एवढा सूट घालून आलास. काहीतरी बोलायचं ठरवून आला असशील.”

“तुझ्याशी नाही. शवपेटीतल्या माणसाशी.”

मॅलकीला खोकला आला. तो संपेपर्यंत फिंटन दाराशीच उभा राहिला, एवढं त्याने केलं. मग मॅलकीने टोपी काढून मांडीवर ठेवली, खुर्चीत मान मागे टेकली, दोन्ही हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटले.

“बोल,” तो म्हणाला.

बराच वेळ नुसता जाळाचा आवाज येत राहिला. एक पडदा फडफडला. भाऊ निघून गेला असावा, असं मॅलकीला वाटलं. डोळे उघडून पाहायचा मोह त्याने कसाबसा आवरला. मग बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“मी आलो होतो त्या दिवशी,” फिंटन म्हणाला. त्याचा आवाज खूप जवळून आला. “हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून बसलो होतो. दोन तास. तिची खिडकी खालून दिसत होती. वर यायचा धीर झाला नाही. तिला तसं बघवलं नसतं मला. गवताचं नंतर सुचलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं.”

मॅलकीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे गेलं. ते फिंटनला दिसलं असणार, कारण तो बोलायचा थांबला.

मॅलकीने डोळे उघडले नाहीत.

“बोल तू,” तो म्हणाला. “मी कुठे ऐकतोय.”