चौथा कोपरा

गुडघे टेकायचे नाहीत, असे डॉक्टरांनी शकुनबाईंना बजावले. आईचे गोधडी शिवणे सुटू नये म्हणून पदार्थविज्ञान शिकवणारी दामिनी अमरावतीहून हिवरखेडला आली. तिने दोन टेबले जोडली, विटांवर चढवून कमरेइतकी उंच केली, जुन्या लुगड्यांचे थर त्यांवर अंथरले आणि चारही कोपऱ्यांना चिमटे लावले. आता कच्चे टाके उभ्यानेच घालता येणार होते.

"लहानपणी तू तीन कोपऱ्यांवर दगड ठेवायचीस आणि चौथ्यावर मला बसवायचीस," दामिनी म्हणाली. "तेव्हा हे चिमटे असते, तर माझ्या वजनाची गरजच नव्हती."

"तवाबी नोती, प्रोफेसरबाई. दगड चार होते. चौथा चुलीमांगं दडवून ठेवला राहे."

दामिनीने पुरावा मागितला नाही. टेबल चौसष्ट किलो पेलेल, याची हाताने दाबून खात्री केली, चौथा चिमटा काढला आणि वर चढून त्या कोपऱ्यावर मांडी घातली.

"आता हालू नोको," सुईत दोरा ओवत आई म्हणाली.