सदर फोडांबाबत

गुणाजीचं लग्न मोडलं. पण ते राहू दे, तसं काही घडलंच नाही असं धरून चालू.

गोवा राज्य झाल्यानंतरचा तो पहिलाच काजूचा मोसम. गुणाजीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते आणि पेडण्याच्या कचेरीत शेजारच्या टेबलावरचा प्रमोद गालभर फोड घेऊन हजर झाला.

"काजी भाजताना सालीचा तेल उडला रे," प्रमोद म्हणाला.

"कांजण्या झालेले सगळे असाच सांगतत," म्हणत गुणाजीने नाकाला रुमाल लावला, बाराही दिवसांची रजा टाकली आणि थेट हरमलचं घर गाठलं.

घरी लग्नासाठी काजी भाजायचं काम चाललं होतं. "रिकामो बसान काय करतलस? ह्यां ढवळ," म्हणत आईने त्याच्या हातात काठी दिली. संध्याकाळपर्यंत गुणाजीचं तोंड प्रमोदपेक्षा जास्त फोडांनी फुललं. दुसऱ्या दिवशी होणारे सासरे आले, अंगणातूनच त्याच्याकडे बघत राहिले आणि "कांजण्या! आमका ही सोयरीक नको" असं सांगून पाणीसुद्धा न घेता परत फिरले.

त्याच दुपारी गुणाजीने कचेरीला अर्ज धाडला.



"सदर फोड काजूचे असून कांजण्यांचे नाहीत, असा दाखला सोयरीक मोडण्याच्या आदल्या तारखेने मिळावा, ही नम्र विनंती."