कुलूप

पणजोबांनी द्राक्षवेल लावली, आजोबांनी तळघर खणले, वडिलांनी तिथे वाइन मुरवली आणि लेकीला जगभरच्या वाइन पारखायला शिकवले. परीक्षक झाल्यावर पहिल्याच स्पर्धेत, लेबले झाकलेली असूनही, तिने घरची वाइन ओळखली. पण पक्षपाताचा ठपका नको म्हणून त्या वाइनला शेवटचा क्रमांक दिला. वडिलांनी तळघराला कुलूप घातले.

वीस वर्षांनी, ती वाइनपारख शिकवायची त्या भरवर्गात वडिलांना समोर बसवून तिने त्या वाइनची उरलेली एकमेव बाटली उघडली. “हिचा पहिला क्रमांक होता, बाबा. मी लबाडी केली.”

“त्याच दिवशी, तुला घोट घेताना पाहून कळलं होतं गं. काही मनापासून आवडलं, की लहानपणापासून डोळे मिटतेस तू.”

“मग कुलूप का घातलंत?”

“हीच वाइन पुढे दुसरीकडे जिंकली असती तर? तुझ्या निकालावर कोणी बोट ठेवू नये म्हणून.”

तिने कोटावरचा परीक्षकाचा बिल्ला काढून त्यांच्या हाती ठेवला.

“किल्ली द्या, बाबा.”